बुवा, प्रोफेसर, मास्तर : शालेय संगीतशिक्षकाच्या व्यवसायाची पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास आजवर मुख्यतः गायकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. घराणी, त्यांचे मूळ पुरुष, शिष्यशाखा, दरबार, मैफली व अलीकडे ध्वनिमुद्रिका हे त्याचे टप्पे होत. आठवड्यातून दोन तास पेटी पुढे ओढून चाळीस मुलांच्या वर्गाला सरगम शिकविणाऱ्या मनुष्याला या इतिहासात स्थान नाही. त्याचा उल्लेख झालाच तर एखाद्या थोर गायकाच्या चरित्रात, ‘आरंभीचे धडे शाळेतील गायनमास्तरांकडे घेतले’ अशा अर्ध्या वाक्यात होतो. हा मनुष्य कोणत्या थरातून आला, त्याची तयारी कोठे झाली, त्याला नेमले कोणी व पुढे त्याचे काय झाले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. क्षेत्र मुंबई इलाख्याच्या मराठी मुलुखाचे आणि तेथील माणसे ज्या बडोदे, ग्वाल्हेर व लाहोर या ठिकाणी तयार झाली किंवा नोकरीस गेली त्या ठिकाणांचे आहे. काळ स्थूलमानाने १८७० ते १९५० असा धरला आहे. लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्याने इतर पुराव्यांच्या जोडीला त्या काळच्या संबोधनांना व पारिभाषिक शब्दांना येथे थोडे अधिक वजन दिले आहे. एखाद्या व्यवसायाला समाज कोणत्या नावाने हाक मारतो, हाही त्या व्यवसायाच्या इतिहासाचा दस्तऐवजच असतो.

प्रथम एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. संगीतशिक्षक येण्यापूर्वी मराठी शाळेत गाणे नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. पंतोजीच्या शाळेत पाढे व पावकी-निमकी सुरावर घोकली जात. परशुरामपंत गोडबोले यांचा ‘नवनीत’ हा काव्यसंग्रह १८५४ साली निघाला, व पुढे इंग्रजी अमदानीतील शाळांत मराठी कविता शिकविण्याची जी रीत रूढ झाली तीत ओवी ओवीच्या चालीवर, आर्या आर्येच्या चालीवर व श्लोक आपापल्या वृत्ताच्या चालीवर म्हणून दाखविणे हे भाषाशिक्षकाचेच काम होते. ज्या शिक्षकाला चाल येत नसे त्याचा कवितेचा तास रडत चाले. वृत्त आणि चाल ही दोन्ही त्या काळी एकाच तासात व एकाच माणसाकडून शिकली जात. संगीत हा स्वतंत्र विषय होऊन त्यासाठी स्वतंत्र माणूस आला तेव्हा हा जोड तुटला. आज पदव्युत्तर वर्गातील चांगल्या विद्यार्थ्यालाही पृथ्वी वृत्त केवळ गणांच्या खुणांनी ओळखावे लागते, त्याचा उगम काही अंशी या फाटाफुटीत आहे, असे मला वाटते. पण तो निराळा विषय आहे.

स्वतंत्र माणूस आला तो कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी समाजाला गाणाऱ्या व्यक्तीसाठी तीन आदरवाचक संबोधने ठाऊक होती. मुसलमान गायक ‘खाँसाहेब’, हिंदू गायक ‘बुवा’ व गायिका ‘बाई’. यांपैकी ‘बुवा’ हा शब्द विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. तो मूळचा गवयाचा नव्हे. गोसावी, बैरागी, हरिदास, मठाधिपती यांस लावावयाचा तो शब्द. तो बाळकृष्णबुवा, भास्करबुवा, वझेबुवा अशा गायकांच्या नावांस चिकटला, तो बहुधा कीर्तनाच्या वाटेने. मराठी प्रदेशात प्रतिष्ठित हिंदू घरातील पुरुषाला उघडपणे गाता येईल अशी हक्काची जागा म्हणजे कीर्तनाचा पट. ख्याल गाणारा ब्राह्मण हा समाजाच्या दृष्टीने चमत्कारिक प्राणी होता. त्याला हरिदासाच्या पंक्तीस बसविले की तो चमत्कार सुसह्य होई. पुढे शाळांत जे संगीतशिक्षक आले त्यांच्या पहिल्या दोन पिढ्यांत कीर्तनकार, पौराणिक व भिक्षुक यांच्या घरांतील मुलगे वारंवार भेटतात, याचे मूळ येथे आहे. (त्याच शब्दाला पुढे ‘बुवाबाजी’ हे शेपूट लागले. गवई त्यातून सुटले, हे त्यांचे भाग्य.)

संस्थात्मक प्रयत्नांना सुरुवात मात्र या वर्गाने केली नाही. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. सुशिक्षित व नोकरदार लोकांचा त्यात पुढाकार होता, आणि संगीत हा सभ्य विद्यार्थ्याने शिकावयाचा विषय आहे हा विचार तेथे प्रथम नीटपणे मांडला गेला. पण शिक्षक तयार करण्याची व्यवस्था त्या समाजांजवळ नव्हती. ती प्रथम उभी राहिली बडोद्यास. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ साली तेथे गायनशाळा सुरू झाली व तिचे प्रमुखपद मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांजकडे आले. मौलाबक्ष हे दरबारी कलावंत. दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत शिकलेले, स्वतःची स्वरलेखनपद्धती बांधलेले. ठराविक वेळ, वर्ग, इयत्ता, छापील पुस्तके व सरकारी पगार ही शालेय संगीतशिक्षणाची सारी अंगे येथे एकत्र दिसतात. त्यांचे पुत्र अल्लाउद्दीन खाँ पठाण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आले व त्यांनीही बडोद्यात अधिकाराचे पद सांभाळले. मौलाबक्षांचे दौहित्र इनायत खाँ (१८८२–१९२७) यांनी तरुणपणी याच शाळेत अध्यापन केले. सूफी उपदेशक म्हणून त्यांचे नाव पाश्चात्त्य जगात गाजले ते १९१० साली देश सोडल्यानंतर. तेव्हा आधुनिक अर्थाचा पहिला पगारी संगीतशिक्षक या भागात मुसलमान होता, त्याने सरकारी शाळेत नोकरी केली व स्वरलेखनाचा पुरस्कारही त्यानेच केला. ‘खाँसाहेबांना शिस्तीचे शिक्षण देता येत नसे, म्हणून नव्या संस्था निघाल्या’ हे आपल्याकडील चरित्रग्रंथांतून चालत आलेले विधान बडोद्याच्या या उदाहरणापुढे टिकत नाही.

दुसरी वाट शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांची. भाषाशिक्षकाला चाल यावी या गरजेतून या संस्थांत गायनाला जागा मिळाली होती. या वाटेवर एक अनपेक्षित नाव भेटते, ते भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे. भास्करबुवांचे आयुष्य आपल्या विषयाच्या दृष्टीने एखाद्या आराखड्यासारखे आहे. बडोद्यास पिंगळेबुवा या कीर्तनकारांपाशी प्रारंभ. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनट. आवाज फुटल्यावर तेथील उपयोग संपला. त्यानंतर फैजमहंमद खाँ, नत्थन खाँ व अल्लादिया खाँ यांच्याकडे दीर्घकाळ तालीम. म्हणजे कीर्तन, रंगभूमी व घराणे या तीनही शाळा त्यांनी पाहिल्या. असा हा गायक धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरी करीत होता. १९११ साली पुण्यात त्यांनी जो गायन समाज काढला व जो पुढे भारत गायन समाज या नावाने नांदला, त्याच्यामागे हा नोकरीतला अनुभव असला पाहिजे. बालगंधर्वांचे गुरू म्हणून भास्करबुवांविषयी विपुल लिहिले गेले आहे. धारवाडच्या वर्गात खेड्यापाड्यांतून आलेल्या भावी प्राथमिक शिक्षकांना त्यांनी काय शिकविले, याकडे मात्र कोणी पाहिलेले नाही. मैफलीच्या गायकाला शाळेतली नोकरी कमीपणाची वाटे, ही समजूतही या उदाहरणाने ढिली होते. पहिल्या पिढीत गायक व शिक्षक या दोन जाती अद्याप पडल्या नव्हत्या.

त्या पाडल्या कोणी हा प्रश्न विचारला तर उत्तर काहीसे विपरीत येते. ज्या पुरुषाने संगीतशिक्षकाचा व्यवसाय घडविला, त्याच्याच कार्यातून ही विभागणी निघाली. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. लहानपणी फटाक्यांच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, नेहमीचे शिक्षण अशक्य झाले, व मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास त्यांना ठेवण्यात आले. बाळकृष्णबुवांनी स्वतः ग्वाल्हेर गायकी मिळविली होती ती उत्तरेत वर्षानुवर्षे वणवण करून आणि गुरुगृही पडेल ते काम करून. ही सेवेची रीत पलुसकरांनी पाहिली होती. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, व ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. दरबाराच्या ऐवजी लोकवर्गणी, गंड्याच्या ऐवजी प्रवेशअर्ज व गुरूच्या मर्जीच्या ऐवजी अभ्यासक्रम, हा बदल सर्वश्रुत आहे. आपल्याला महत्त्वाचा आहे तो त्या विद्यालयातील ‘उपदेशक’ वर्ग.

या वर्गात गरीब घरचे होतकरू मुलगे घेत. जेवणखाण, राहणे व शिक्षण विनामूल्य. त्याच्या बदल्यात नऊ वर्षांचा करार. शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवावयाचे व पुढे संस्था पाठवील तेथे जावयाचे. ‘उपदेशक’ हा शब्द मोठा बोलका आहे. मराठीत उपदेश गुरू करतो, पण ‘उपदेशक’ अशी नोकरीची जागा मराठीत नव्हती. लाहोर हे त्या काळी आर्यसमाजाचे मोठे केंद्र, आणि समाजाचे पगारी प्रचारक ‘उपदेशक’ म्हणून ओळखले जात. शब्द तेथून उचलला गेला असावा असा माझा तर्क आहे. तसे असेल तर पलुसकरांच्या मनात शिक्षकाची जी प्रतिमा होती ती गवयापेक्षा प्रचारकाच्या जवळची होती असे होते. साधा वेष, निर्व्यसनी आचरण, ठरलेला दिनक्रम, रामनाम व भजन या त्यांच्या आग्रहाचा उलगडा मग सोपा होतो. शाळेच्या चालकाला आणि मुलींच्या पालकाला ज्याची भीती वाटणार नाही असा गाणारा माणूस त्यांना तयार करावयाचा होता. त्या काळी ही भीती संगीतशिक्षणाच्या वाटेतली सर्वांत मोठी धोंड होती, हे विसरून चालणार नाही.

या वर्गातून बाहेर पडलेल्यांची घराणी व गावे पाहिली की एक नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. मिरज, कुरुंदवाड, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी. दक्षिण महाराष्ट्रातील ही लहानमोठी संस्थाने. विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) मिरजेचे. संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन नवव्या वर्षी ते लाहोरास गेले. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) मिरजेचेच. शंकरराव व नारायणराव व्यास हे बंधू कोल्हापूरचे, व त्यांच्या आडनावातच पुराण सांगणाऱ्यांची परंपरा आहे. कृष्णा-पंचगंगेकाठच्या या गावांत पटवर्धनी व इतर संस्थानिकांमुळे गाणे होते, ब्राह्मणवस्ती दाट होती व उत्पन्नाची साधने आटत चालली होती. वेदपाठशाळा किंवा इंग्रजी शाळा या दोहोंपैकी एकीत मुलाला घालावयाचे, आणि दुसरीचा खर्च झेपत नाही, अशा कुटुंबाला नऊ वर्षे मुलाच्या पोटापाण्याची चिंता मिटविणारा करार हा मोठा आधार होता. कलाप्रेम हे कारण असेलच, परंतु एका वेळच्या जेवणाचा हिशेबही त्यात होता. अपवाद नव्हते असे नाही. ओंकारनाथ ठाकूर (१८९७–१९६७) गुजरातेतील जहाज गावचे, अत्यंत दारिद्र्यात वाढलेले. एका पारशी गृहस्थाच्या साहाय्याने ते पलुसकरांच्या मुंबईच्या विद्यालयात आले, व विशीच्या आसपासच लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले.

१९०८ साली मुंबईस शाखा निघाली व संस्थेचे केंद्र हळूहळू तेथे सरकले. विद्यालयासाठी कर्ज काढून मोठी इमारत बांधण्यात आली. मैफलींचे उत्पन्न व विद्यार्थ्यांच्या फिया यांतून ते कर्ज फिटेना, आणि अखेर १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. पलुसकर नाशिकास रामनाम आधाराश्रमात गेले, व १९३१ मध्ये मिरजेस निवर्तले. या लिलावाकडे चरित्रकार एका महापुरुषाची शोकांतिका म्हणून पाहतात. व्यवसायाच्या इतिहासात त्याचा अर्थ वेगळा आहे. एका छपराखाली असलेले उपदेशक त्यामुळे पांगले, आणि प्रत्येकाला स्वतःची उपजीविका स्वतः शोधावी लागली. देवधर हे या मंडळींत विरळा असलेले पदवीधर. त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले, व पुढे बालवयातील कुमार गंधर्व तेथे आले. पटवर्धन काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत नट होते. रंगभूमी सोडून १९३२ मध्ये त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि ‘रागविज्ञान’चे भाग लिहिले. नारायणराव व्यास ध्वनिमुद्रिकांनी घरोघर पोचले. शंकररावांनी ‘रामराज्य’ (१९४३) यांसारख्या चित्रपटांना संगीत दिले आणि शिकवणेही सोडले नाही. शंकरराव सप्रे नागपुरास गेले. वसंतराव देशपांडे यांचे बालपणीचे गुरू ते हेच. नारायण मोरेश्वर खरे (१८८९–१९३८) हे गांधीजींच्या मागणीवरून साबरमतीच्या आश्रमात गेले, आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली, व १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. एकाच वसतिगृहात वाढलेल्या मुलांची ही आयुष्ये आहेत. त्यांत नट आहे, संगीतदिग्दर्शक आहे, सत्याग्रही आहे. पण यांपैकी प्रत्येक जण आयुष्याचा मोठा भाग शिक्षकच राहिला, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीच्या झगमगाटात दिसेनाशी होते.

ही नावाजलेली माणसे झाली. त्यांच्यामागे ज्यांचे नाव झाले नाही असे उपदेशक व त्यांचे शिष्य शाळाशाळांतून नोकरीस लागले. त्यांच्यापुढची अडचण मात्र कलेची नव्हती, कागदाची होती. शाळेतील चित्रकलाशिक्षकाशी तुलना करून पाहावी. सरकारी रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा ब्रिटिश अमदानीपासून चालत आल्या आहेत. त्यामुळे ‘ड्रॉइंग मास्तर’ हा सरकारी शिक्का असलेला मनुष्य होता, त्याची योग्यता शिक्षणखात्याला वाचता येत होती. गायनमास्तराची योग्यता ऐकावी लागे, आणि खात्याला कान नसतात. पलुसकरांच्या निधनानंतर त्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची शिडी उभी राहिली. तिचे खरे महत्त्व या कागदी अडचणीच्या संदर्भात आहे. परीक्षांवर टीका करणाऱ्यांनी, व ती टीका पुष्कळशी रास्त आहे, एवढे ध्यानात ठेवावे की ‘संगीत विशारद’ या दोन शब्दांनी एका संपूर्ण वर्गाला नोकरीच्या अर्जातील योग्यतेच्या रकान्यात काही लिहिता येऊ लागले.

ग्वाल्हेरची हकीकत याच्या उलट टोकाची आहे. माधवराव शिंदे यांनी १९१७ साली आपल्याकडील काही तयार गायकांना मुंबईस विष्णु नारायण भातखंडे यांजकडे पाठविले. हेतू असा की नवी पद्धती व स्वरलेखन शिकून त्यांनी परत यावे व शिक्षक व्हावे. १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. राजाभैया पूँछवाले हे या पाठविलेल्यांपैकीच, व पुढे ते तेथील प्राचार्य झाले. लाहोरास नऊ वर्षे खर्चून मुलाचा शिक्षक करीत. येथे पिकल्या गायकाला अल्पावधीत शिक्षक करण्यात आले. पहिल्याला गाणे शिकवावे लागे, दुसऱ्याला लिहिणे. प्रौढ गवयाला आपल्या गळ्यातली चीज कागदावर उतरवावयास लावणे हे किती कठीण, ते ज्यांनी एखाद्या निरक्षर निवेदकाकडून त्याच्या बोलीचे शब्द एकेक करून सुटे म्हणवून घेतले आहेत त्या क्षेत्रकार्यकर्त्यांना सांगावयास नको.

स्वरलेखनाच्या प्रश्नाकडे भाषाशास्त्रज्ञाचे लक्ष साहजिकच जाते. एका भाषेला दोन लिप्या असाव्यात तशी हिंदुस्थानी संगीताला पलुसकरी व भातखंडे अशा दोन लेखनपद्धती मिळाल्या. दोन्हींत मूळ अक्षरे देवनागरी, सा रे ग म हीच. भेद चिन्हांचा. तो केवळ भेद असता तर बिघडले नसते. अडचण अशी की तीच चिन्हे दोहोंत वेगळ्या, काही वेळा थेट विरुद्ध, अर्थांनी येतात. स्वराच्या डोक्यावर बिंदू असेल तर भातखंडे पद्धतीत तो तार सप्तकाचा, पलुसकर पद्धतीत मंद्र सप्तकाचा. डोक्यावर उभी रेघ असेल तर एकीकडे तीव्र मध्यम, दुसरीकडे तार सप्तक. स्वराखाली आडवी रेघ असेल तर भातखंडे तेथे कोमल स्वर वाचतात, पलुसकर एक मात्रा. शून्य एकीकडे तालातील खाली दाखविते, दुसरीकडे स्वराखाली येऊन अर्धी मात्रा. एका पद्धतीत तयार झालेल्या शिक्षकाला दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक हातात दिले तर त्याला ते वाचता येत नाही एवढेच नव्हे, तर तो ते चुकीचे आणि आत्मविश्वासाने वाचतो. लिपिभेदापेक्षा हा प्रकार अधिक घातक आहे. यामुळे शिक्षकाचे स्थलांतर मर्यादित झाले. लखनौ-ग्वाल्हेरचा मनुष्य पुण्या-मिरजेच्या शाळेत सहज खपत नसे, व उलटही. यात एक विनोद आहे. पलुसकरांनी आपली पाठ्यपुस्तके प्रामुख्याने हिंदीत काढली, कारण कार्यक्षेत्र लाहोर. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ व ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मराठीत लिहिल्या. आणि मराठी मुलुखातील शाळांत वर्चस्व राहिले पलुसकरांच्या शिष्यांचे, तर भातखंड्यांची पद्धती रुजली ती १९२६ साली लखनौस निघालेल्या मॅरिस कॉलेजच्या द्वारे हिंदी प्रदेशात. पुस्तक कोणत्या भाषेत आहे यापेक्षा ते शिकविणारा माणूस कोठल्या गावचा आहे, यावर पद्धतीचा प्रसार ठरला.

आता या व्यवसायाच्या दाराबाहेर कोण राहिले, ते पाहणे प्राप्त आहे. अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात ‘आर्य संगीत विद्यालय’ काढले. तेथेही विद्यार्थी ठेवून घेऊन शिकवीत, तेथेही शिस्त होती. खाँसाहेबांनी आपल्या विद्यालयाला ‘आर्य’ हे नाव द्यावे, यात त्या काळच्या पुण्याविषयी जेवढे कळते तेवढे पानेच्या पाने वाचून कळणार नाही. परीक्षा व प्रमाणपत्र यांचे युग आले तसा मुसलमान शिक्षक मराठी शाळेतून दिसेनासा झाला. त्याला कोणी बंदी केली नाही, परंतु शिडीची प्रत्येक पायरी देवनागरीत लिहिलेली होती. तिच्याभोवतीचे वातावरण प्रार्थना, भजन व गुरुपूजन यांचे होते.

बायकांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे, व येथे पुन्हा शब्द साक्षीला येतो. मराठीत शाळेतील शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात, आणि व्यावसायिक गायिकेलाही ‘बाई’च म्हणत. संबोधन एक, पण एका शब्दाने ज्या दोन स्त्रियांना हाक मारली जाई त्यांना एका खोलीत बसविण्याची समाजाची तयारी नव्हती. गोमंतकातील व महाराष्ट्रातील कलावंत घराण्यांतील स्त्रिया या त्या पिढीतील सर्वांत तयार गायिका होत्या. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) व मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) ही दोनच नावे पुरेत. मोगूबाईंनी उदंड शिकविले, पण ते घरी. मुलींच्या शाळेने संगीतशिक्षिका शोधली ती पांढरपेशा घरातली, थोडी शिकलेली, पुष्कळदा विधवा किंवा परित्यक्ता. अण्णासाहेब कर्वे यांच्या १९१६ साली निघालेल्या महिला विद्यापीठाने संगीताला अभ्यासक्रमात स्थान दिले, त्यामुळे अशा स्त्रीला मार्ग मिळाला, हे निःसंशय मोठे काम झाले. पण ज्ञान एका घरात आणि नोकरी दुसऱ्या घरात, अशी ही वाटणी होती. शाळेतील संगीताचा दर्जा का घसरला, असा प्रश्न त्यानंतरच्या काळात वारंवार विचारला गेला. त्याच्या उत्तराचा एक भाग या वाटणीत शोधला पाहिजे. बालगीताच्या पुस्तकांत तो सापडणार नाही.

संबोधनांची पुढची कथा थोडक्यात सांगतो. नव्या शिक्षकाला ‘बुवा’ नको होते, आणि ‘पंडित’ हा शब्द मराठीत तेव्हा शास्त्री-पंडितांसाठी राखीव होता. मध्यंतरी ‘प्रोफेसर’ हा शब्द आला. ध्वनिमुद्रिकांच्या चकत्यांवर नारायणराव व्यासांच्या नावामागे तो छापलेला असे. देवधरांनाही लोक ‘प्रोफेसर’ म्हणत. हा शब्द विद्यापीठाच्या अर्थाने घेऊ नये. सर्कशीचे प्रवर्तक विष्णुपंत छत्रे हेही ‘प्रोफेसर छत्रे’ होते, आणि ते हद्दू खाँचे शागीर्द. कसबी मनुष्याने इंग्रजी रीतीची प्रतिष्ठा स्वतःस बहाल करण्याचा तो एक सर्वमान्य उपाय होता. विद्यापीठांनी संगीताचे विभाग उघडले व १९५० मध्ये ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले, तेव्हा या शब्दाला प्रत्यक्ष पद मिळाले, आणि मग फुकटचे प्रोफेसर नाहीसे झाले. शाळेत मात्र ‘मास्तर’ हाच शब्द राहिला. रंगभूमीवर ‘मास्टर’ किंवा ‘मास्तर’ म्हणजे गुणी बालनट. मास्टर कृष्णराव व मास्टर दीनानाथ यांना तो मानाने चिकटला व मोठेपणीही सुटला नाही. शाळेत ‘गायनमास्तर’ हा शब्द ‘ड्रिलमास्तर’, ‘शिवणमास्तर’ यांच्या रांगेत जाऊन बसला. नाटकातला मास्तर व शाळेतला मास्तर एकाच सुमारास, कित्येकदा एकाच घरात होते. मान एकीकडे गेला, पेन्शन दुसरीकडे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे या व्यवसायाला धोरणांचा आधार मिळेल अशी चिन्हे दिसली. १९३७ च्या वर्धा शिक्षणयोजनेत संगीताचा समावेश होता. १९५२–५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने ललितकलांचा स्वतंत्र गट सुचविला. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांस, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच, दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याचे ठरविले. ड्रॉइंग मास्तराच्या कागदाशी गायनमास्तराच्या कागदाची बरोबरी अशा रीतीने झाली खरी. परंतु ती विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत झाली. शिक्षकाची नेमणूक, त्याचे तास व त्याचे वेतन हा त्या निर्णयाचा विषय नव्हता.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस साधनांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. गायकांची चरित्रे या कामी फारशी उपयोगी नाहीत. ती शिक्षकीचा काळ ‘हालअपेष्टांचे दिवस’ म्हणून झटकून टाकतात. खरी सामग्री जुन्या शाळांच्या कपाटांत आहे. नेमणुकीचे ठराव, पगारपत्रके, सेवापुस्तके, वार्षिक अहवाल, शताब्दीच्या निमित्ताने निघालेल्या स्मरणिका. सेवापुस्तकात कर्मचाऱ्याविषयीच्या नोंदी असतात, आणि प्रस्तुत लेखात स्थूलपणे मांडलेल्या बहुतेक विधानांची परीक्षा अशा नोंदींवरून घेता येईल. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी गावांचे प्राबल्य किती दशके टिकले, कीर्तनकारांच्या घरांचा वाटा केव्हा आटला, ‘विशारद’ ही अट नेमणुकीच्या ठरावात प्रथम केव्हा उमटते, मुलींच्या शाळांतील नेमणुका कोणत्या घरांतून झाल्या, हे मोजून सांगण्यासारखे प्रश्न आहेत. ही कपाटे इमारतींच्या दुरुस्तीच्या वेळी रिकामी केली जातात, आणि रद्दीत प्रथम जाते ते मृत कर्मचाऱ्यांचे सेवापुस्तक. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपण स्वतः शिकलेल्या शाळेपासून आरंभ करावा. तेथील मुख्याध्यापकांची परवानगी मिळण्यास सहसा अडचण पडत नाही.